चेनवालीची पिशवी

नव्या माणसाला कुणी सांगितलं की जिन्याखालच्या खोलीत चेनवाली बसते, तर त्याचा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे जायचा. बाई सोन्याच्या चेन विकते की ओढते, हे त्याला कळायचं नाही. पण ही चेन निराळी. पँटची, जाकिटाची, दप्तराची, प्रवासी बॅगेची. कुणाचा रनर निसटलेला, कुणाचे दात उडालेले, कुणाची चेन ऐन घाईत अर्ध्यावर अडून बसलेली. अशी अडलेली मंडळी तिच्या दारात यायची आणि ती त्यांना मोकळं करायची. म्हणून ती चेनवाली. त्या नावाचं तिला ना कौतुक होतं ना दुःख.

एकेकाळी तिने याहून मोठी कामं केली होती. बंदराच्या मागच्या रस्त्यावर रेनकोट आणि तंबू शिवायचा कारखाना होता, तिथे ती नमुने शिवायची. नव्या घाटाचा पहिला रेनकोट तिच्या हातचा असायचा. तो पाण्याच्या फवाऱ्याखाली धरायचा, आत टिपूसही शिरला नाही की मग बाकीच्या बायका त्याबरहुकूम शिवायला बसायच्या. पुढे कारखाना बंद पडला. त्याच सुमाराला तिचा नवरा कामानिमित्त दुसऱ्या शहरात गेला आणि तिथेच दुसरा संसार थाटून बसला. मग एकदा तो आईला न्यायला आला, तर सासूबाईंनी आपल्या पेटीला हात लावू दिला नाही. "मी माझ्या सुनेकडे राहते. तुझं तू बघ," एवढं म्हणून त्यांनी त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आत येऊन सुनेला म्हणाल्या, "रडायचं असेल तर आत्ताच रडून घे. नंतर मला भूक लागेल."

तेव्हापासून त्या दोघींचं घर. चेनवालीने रडूनही घेतलं आणि सावरलीही, पण एक गोष्ट तिच्या हातून सुटली ती सुटलीच. तिने कोरं कापड बेतणं बंद केलं. कुणी झबलं शिवायला आणलं, कुणी पडदे आणले, की ती म्हणायची, "नवीन काही शिवत नाही. दुरुस्ती असेल तर सांगा." का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. कापडाचा सबंध तुकडा समोर अंथरला की तिला धीर होत नसे.

"एवढी मोठी कात्री काय नखं कापायला ठेवलीस?" सासूबाई विचारायच्या.

"असू दे आई. धार टिकते."

सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू होता आणि दुसऱ्याने त्या फक्त सोयीचं तेवढं बघायच्या. कान मात्र शाबूत. एका दुपारी त्यांना दारात टपटप आवाज आला.

"कोण ते? फरशी आत्ताच पुसलीय!"

दारात एक तिशीतला दांडगा गडी उभा होता. खांद्यावर काळा रबरी पोशाख, त्यातून पाणी गळतंय. "माफ करा आजी. मावशी, या पोशाखाची चेन बघता का? पाठीत गार पाण्याची धार शिरते. आत गेलो की दात वाजायला लागतात."

"आत म्हणजे कुठे?" चेनवालीने विचारलं.

"समुद्रात. मी पाणबुड्या आहे. इथल्या सागरी संशोधन केंद्रात."

चेनवालीने पोशाख उलटा केला, पाठीचा सांधा बोटांनी चाचपला आणि बऱ्याच दिवसांनी तिला जरा उत्साह वाटला. चेन तर बिघडलेली होतीच, पण पाणी शिरत होतं ते चेनीच्या कडेच्या टाक्यांतून. सुईने पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पाण्याला दार. रेनकोटाच्या कारखान्यात तेच तर शिकवलं होतं. तिने नवी चेन लावली आणि टाक्यांवरून आतल्या बाजूने रबरी पट्टी चिकटवून इस्त्रीच्या टोकाने दाबत नेली. पाणबुड्या आठवड्याभराने परत आला तो हसतच. पाठ कोरडीठाक राहिली होती. या वेळी त्याच्या हातात एक फाटकी जाळीची पिशवी होती आणि सोबत एक किडकिडीत, उन्हाने रापलेल्या बाई.

"या आमच्या डॉक्टर," तो म्हणाला.

सासूबाईंनी ताबडतोब गुडघ्यावरून लुगडं वर सरकवलं. "बरं झालं आलात. जिना चढताना हा इथे कळ मारतो."

"आजी, मी शिंपल्यांची डॉक्टर," बाई ओशाळून म्हणाल्या.

"त्यांना गुडघे असतात?"

पाणबुड्या इतका मोठ्याने हसला की मशीनवरचा बॉबिनचा डबा खाली पडला. मग सगळेच हसले आणि चहा झाला. चहा पिता पिता डॉक्टरांनी आपलं दुखणं सांगितलं.

स्कॅलप नावाचे पंख्याच्या आकाराचे शिंपले असतात, ते पुष्कळांना माहीत असतात. त्यांच्या नात्यातलं एक निराळं कूळ आहे. अंगठ्याच्या नखाएवढे शिंपले, पातळ, जवळजवळ आरपार दिसणारे. जुन्या खडकांत या कुळाचे ठसे मिळतात, त्यावरून कळतं की एके काळी त्यांचा पसारा मोठा होता. आता मोजके उरलेत. पाण्याखालच्या अंधाऱ्या कपारींत, जिथे सहसा कुणी जात नाही, अशा जागी ते दडून असतात.

"म्हणजे दूरचे नातेवाईक," सासूबाई म्हणाल्या. "लग्नकार्याला येत नाहीत, पण आहेत."

"अगदी तसंच. आणि मी इतकी वर्षं त्यांच्या दाराशी जाऊन परत येतेय. मला मिळतात ते रिकामे शिंपले, नाहीतर चुरा. घरं सापडली, घरात राहणारा कधी भेटला नाही. जिवंतपणी तो कसा दिसतो, कसा हलतो, पोहतो की नुसता पडून राहतो, काही म्हणजे काही पाहिलेलं नाही मी."

पाणबुड्या म्हणाला, "कपारीचं तोंड अरुंद आहे, मावशी. मी आडवा होऊन आत सरकतो. तळाचा आणि कडेचा गाळ हाताने हळूच पिशवीत लोटतो. पाण्यात आहे तोवर पिशवी फुगलेली असते. वर काढली की पाणी निथळतं, ओल्या रुमालासारखी ती आक्रसते आणि आतले खडे एकमेकांवर बसतात. कांद्याच्या पापुद्र्याएवढे शिंपले ते, उरणार काय?"

"डबा नेऊन पाहिला," डॉक्टर म्हणाल्या, "बाटली नेली. आत वळताच येत नाही. शेवटी पिशवीच बरी. ही फाटलीय तेवढी शिवून द्या."

चेनवालीने पिशवी हातात घेतली. भोकापाशी जाळी घासून घासून झिरझिरीत झाली होती. ठिगळ लावलं असतं तर दुसरीकडे उसवली असती.

"ही शिवून उपयोग नाही. नवीनच करायला हवी. जाळी वरच्या अंगाला, आणि तळाला रेनकोटाचं कापड. सांधा बंद केला तर वर काढल्यावरही तळाशी पेलाभर पाणी राहील. जे काय असेल ते पाण्यातच राहील."

डॉक्टर पुढे सरकल्या. "असं करता येईल?"

"येईल कुणालाही. मी नवीन काही शिवत नाही."

"शिवते ती," सासूबाई म्हणाल्या. "कधी हवीय?"

चेनवालीने त्यांच्याकडे रागाने पाहिलं, पण मोतीबिंदूचा डोळा पुढे करून बसलेल्या बाईला रागाने पाहून काय फायदा? पाहुणे गेल्यावर ती तासभर भांडी आपटत राहिली. मग कपाटाच्या माथ्यावरून कारखान्यातलं उरलंसुरलं कापड काढलं, जमिनीवर अंथरलं, खडूने रेघ मारली आणि मोठी कात्री चालवली. कात्रीचा तो सलग करकर आवाज ऐकून सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्या मानाने ते फार झालं.

पिशवी देखणी झाली. ती आक्रसू नये म्हणून चेनवालीने दिव्याच्या जुन्या शेडमधली लोखंडी कडी काढून जाळीत घातली होती. वर नेफा, त्यात नाडी. ओढली की तोंड बंद. डॉक्टरांनी ती उचलून उजेडात धरली आणि म्हणाल्या, "ही कापायला मन होणार नाही कुणाला."

कापावीच लागली. कपारीत शिरताना पिशवी नीट गेली, पण परत येताना एक कडं खडकाच्या दातात अडकलं. पिशवीचा पट्टा पाणबुड्याच्या मनगटाला होता. मागे सरकता येईना, पुढे जाता येईना. गढूळ झालेल्या पाण्यात चाचपत त्याने कमरेची सुरी काढली, जाळी फाडली, पट्टा कापला आणि वर आला. त्याला काही झालं नाही. पण बोटीवर चढल्यावर त्याचा नेहमीचा मोठा आवाज फुटेना, आणि डॉक्टरांनी त्या दिवसाचं काम तिथेच थांबवलं.

हे सगळं डॉक्टरांनीच चेनवालीला येऊन सांगितलं. दोष तिचा नाही, हेही सांगितलं. पण चेनवालीला ते पटलं नाही. डॉक्टरांनी आणून दिलेल्या जाळीतली उरलेली जाळी घडी करून तिने त्यांच्यापुढे धरली.

"कापड बेतायला गेले आणि माणसाच्या जिवावर बेतलं," ती म्हणाली. "माझ्याच्याने होणार नाही. चेन बदलायची असली तर या."

डॉक्टरांनी जाळी सोबत नेली नाही. खुर्चीवर ठेवून त्या निघून गेल्या.

त्यानंतर चेनवाली नुसत्या चेन बदलत राहिली. एका पँटला तर तिने चेन उलटीच बसवली आणि गिऱ्हाईकाने ती घालून दाखवली तेव्हाही तिला हसू आलं नाही. सासूबाईंनी तिला छेडलं नाही, टोमणे मारले नाहीत. जेवताना तिच्या ताटाकडे मात्र त्यांचं लक्ष असायचं, आणि त्यांचा चांगला डोळा एवढं खचितच बघत होता की सून दोन घास कमी खातेय.

मग एके दिवशी पाणबुड्या स्वतः आला. कापलेली पिशवी घेऊन.

"मावशी, दुसरी कधी देताय?"

"तुला वेड लागलंय का रे? अडकला होतास ना तीत?"

"अडकलो होतो. म्हणून तर आलो. कुठे अडकलं ते तुम्हाला नीट दाखवतो, म्हणजे पुढच्या वेळी अडकणार नाही." त्याने फरशीवर पालथं पडून कपारीत कसं शिरायचं ते करून दाखवलं. खुर्ची म्हणजे कपारीचं तोंड, मशीनचं पायडल म्हणजे खडकाचा दात. "हे बघा. कडं लोखंडाचं, ते दबत नाही. आणि एक ऐका. तळाला तुम्ही जो पाण्याचा पेला केला होता ना, तो मी हाताने चाचपला होता. त्यात काहीतरी होतं. हलकं, सुटं. चुरा नव्हता तो. त्या दिवशी पिशवी तिथेच टाकून यावी लागली, नंतर सोडवून आणली तेव्हा ती रिकामी होती. आता मला झोप येत नाही, मावशी."

"घाबरला नाहीस?"

"घाबरलो की. बायकोला अजून सांगितलं नाही. पण तुम्ही अशी कडी लावलीत त्याच्यापेक्षा आता काम सोडलंत, त्याचं मला जास्त वाईट वाटतंय."

कापलेली पिशवी मांडीवर घेऊन चेनवाली सुरीने फाटलेल्या कडा जुळवत राहिली. आणि मग तिने विचारलं, "दबून पुन्हा फुगेल असं काय असतं?"

तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाईंचा वैताग ऐकू आला. धुण्याचे कपडे टाकायची जाळीची टोपली, ती बाजारात चकतीसारखी घडी करून मिळते तसली, त्या मिटवून फळीवर ठेवायला गेल्या होत्या. ती दर वेळी हातातून सुटून फाडकन उघडायची. आताही उघडली आणि त्यांच्या नाकावर आपटली.

"मेली! दाबली की दबते, सोडली की अंगावर येते. हिला उद्या फेकून देणार आहे मी!"

चेनवाली आणि पाणबुड्या एकमेकांकडे बघायला लागले. मग दोघंही त्या टोपलीवर झेपावले.

"अरे, मला लागलंय ते बघा आधी!" सासूबाई ओरडल्या.

टोपलीच्या कापडात वरपासून खालपर्यंत वळसे घेत गेलेली एकच लवचिक तार होती. तार खाऱ्या पाण्यात गंजली असती. पण खोक्यांना बांधायची प्लास्टिकची पट्टी काय वाईट? जवळच्या दुकानाबाहेर ती ढिगाने पडलेली असायची. चेनवालीने जाळीवर तिरका नेफा शिवला, वळसे घेत घेत वरून खाली, आणि त्यात पट्टी ओवली. पहिली पट्टी फार कडक निघाली. दुसरी इतकी मऊ की पिशवी दमेकऱ्यासारखी आत ओढली जायची. तिसऱ्या खेपेला जमलं. मनगटाचा पट्टा तिने असा केला की जोरात हिसका बसला तर आपणहून सुटेल. हे मात्र तिने कुणी न सांगता केलं, आणि पाणबुड्याला तो पट्टा स्वतःच्या मनगटावर बांधून पुन्हा पुन्हा हिसके द्यायला लावले.

परीक्षा घरातच झाली. पाण्याचा मोठा टब मधोमध ठेवला. आत स्टूल आडवं बुडवलं, त्याचे पाय म्हणजे कपार. शिंपले कुठून आणायचे? सासूबाईंनी अंड्यांची टरफलं बोटांनी चुरून तुकडे केले, कांद्याचे पापुद्रे सोलून दिले, वर कुंडीतले खडे टाकले. चेनवालीने बाह्या सरसावल्या, पिशवी स्टुलाच्या पायांमधून ओढून घेतली. ती चेपली, वाकडी झाली, बाहेर आली आणि टुणकन उघडली. वर उचलली तर जाळीतून पाणी गळून गेलं आणि तळाशी पेलाभर राहिलं. त्यात कांद्याचे पापुद्रे सुखाने तरंगत होते.

डॉक्टर दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी ओल्या फरशीवरच बसकण मारली आणि एकेक पापुद्रा बोटावर घेऊन तपासला. "एकही फाटला नाही," त्या म्हणाल्या. मग चेनवालीकडे वळून, "ताई, या वेळी तुम्ही बोटीवर चला."

"मी? मला टबातलं पाणी हललं तरी कसंतरी होतं."

"जाते ती," सासूबाई म्हणाल्या. "मीही येते."

सासूबाईंना बोटीत घेणं काही जमण्यासारखं नव्हतं. पण त्यांनी धक्क्यापर्यंत येण्याचा हट्ट धरला आणि तिथल्या टपरीवाल्याची खुर्ची मिळवून समुद्राकडे तोंड करून बसल्या. बोट निघाली तेव्हा त्यांचा आवाज पाण्यावरून ऐकू येत होता. सुनेने काठ घट्ट धरावा, उलटी झाली तर वाऱ्याच्या दिशेला तोंड करू नये, आणि पाणबुड्याने आधी पोटभर खाऊन घ्यावं, अशा सूचना चालल्या होत्या.

उलटी झालीच. तीही वाऱ्याच्या दिशेला. डॉक्टरांनी तिला ओला रुमाल दिला आणि काही झालंच नाही अशा सहजतेने स्वतःची बाही पुसली. पाणबुड्या बोटीच्या काठावर बसला, त्याने चपटी घडी केलेली पिशवी छातीशी अडकवली, चेनवालीकडे बघून अंगठा वर केला आणि मागच्या मागे पाण्यात पडला.

मग नुसते बुडबुडे. ते कपारीच्या बाजूला सरकत गेले आणि दिसेनासे झाले. चेनवालीची मळमळ कुठल्या कुठे पळाली. आपण शिवलेला प्रत्येक टाका तिला आठवत होता. तिरक्या नेफ्याचं खालचं टोक आपण दुहेरी शिवलं ना? शिवलं. पट्ट्याचा बंद? तोही तपासला. डॉक्टर तिच्याशेजारी गुडघे टेकून बसल्या होत्या. त्याही पाण्याकडेच बघत होत्या. त्यांनी चेनवालीचा हात कधी धरला, ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

बुडबुडे पुन्हा दिसले तेव्हा चेनवालीचा जीव भांड्यात पडला. काळं डोकं वर आलं. पिशवी त्याने पाण्याच्या पातळीखालीच धरली होती. डॉक्टर वाकल्या, दोन्ही हातांनी ती खालून पेलली आणि पांढऱ्या ताटलीत अलगद रिकामी केली. गाळ, प्रवाळाचे तुकडे, एक चिमुकला खेकडा. आणि मधूनमधून नखाएवढे, पाण्यासारखेच आरपार दिसणारे शिंपले. अख्खे.

डॉक्टर भिंग घेऊन एकेक बघायला लागल्या. एक उघडा, रिकामा. दुसरा रिकामा. तिसरा. त्यांच्या खाली येत चाललेल्या खांद्यांवरून चेनवालीला कळत होतं की मनातल्या मनात त्या आशा सोडताहेत. पाणबुड्या बोटीच्या कडेला लोंबकळत विचारत होता, "काय? काय आहे?"

"हा बंद आहे," चेनवाली म्हणाली. तिने बोट लावलं नाही, फक्त दाखवलं. खड्याच्या आडोशाला एक शिंपला उभा टेकला होता.

डॉक्टरांनी भिंग त्यावर नेलं. शिंपला केसभर उघडला. त्याच्या कडेवरून बारीक बारीक धाग्यांची झालर बाहेर आली आणि पाण्यात हलायला लागली.

"बघा," डॉक्टर पुटपुटल्या आणि भिंग चेनवालीच्या हातात दिलं.

चेनवालीने पाहिलं. काचेसारख्या कवचाच्या आत तो जीव दिसत होता, अंग चोरून बसलेला, फिकट. इतक्या नाजूक कडेला इतकी सारखी झालर. चाळीस वर्षांच्या शिवणकामात तिने अशी झालर पाहिली नव्हती. तिला डोळे पुसायचे होते, पण भिंग खाली ठेवायचं नव्हतं.

तेवढ्यात लाटेने बोट कलली. कुणाची तरी सावली ताटलीवर पडली, आणि त्या शिंपल्याने आपली दोन्ही झाकणं फटकन मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मिटत उघडत तो ताटलीच्या या कडेपासून त्या कडेला उड्या घेत गेला.

"पोहतो!" डॉक्टर ओरडल्या. "अहो, पोहतो हा!" आणि इतक्या शांत बाईने पाणबुड्याच्या ओल्या डोक्यावर दोन्ही हातांनी थापट्या मारल्या. त्या गाळात आणखी दोन जिवंत निघाले.

धक्क्यावर सासूबाईंनी लांबूनच विचारलं, "पिशवी फाटली का?"

"नाही, आई!"

"मग एवढं रडताय कशाला सगळे?"

ते तीन शिंपले केंद्राच्या अंधाऱ्या, थंड पाण्याच्या पेटीत राहिले. डॉक्टरांनी त्यांचं चित्रीकरण केलं, आणि एका सकाळी सासू-सुनेला मुद्दाम बोलावून मोठ्या पडद्यावर दाखवलं. पडद्यावर शिंपला परातीएवढा झाला होता. सासूबाई खुर्ची पुढे पुढे ओढत पडद्याला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या.

"आई, दिसतंय का?"

"एवढं मोठं आहे, न दिसायला काय झालं? हा तो नातेवाईक?"

"हाच," डॉक्टर म्हणाल्या.

सासूबाईंनी तो पोहताना दोनदा बघितला, तिसऱ्यांदा लावायला सांगितला. मग म्हणाल्या, "पाण्यातच आहे, पण कूळ बुडालं नाही म्हणायचं."

डॉक्टर नंतर आपल्या व्याख्यानांत हे वाक्य वापरायला लागल्या, आणि ते कुणाचं आहे तेही सांगायच्या.

बघायचं ते बघून झाल्यावर त्यांनी तिन्ही शिंपले पुन्हा कपारीत सोडायचं ठरवलं. पाणबुड्याने ते त्याच पिशवीतून नेले. चेनवाली त्याही वेळी बोटीवर होती. वर आल्यावर त्याने तोंडातली नळी काढून सांगितलं की सोडल्या सोडल्या एक तर लगेच अंधारात पसार झाला, निरोपही न घेता.

त्या चित्रफितीमुळे दुसऱ्या केंद्रांतल्या लोकांनी शिंपल्याबद्दल विचारलं आणि पिशवीबद्दलही. कुणाला गोगलगायींसाठी हवी होती, कुणाला माशांच्या अंड्यांसाठी. दर वेळी चेनवालीचा पहिला प्रश्न एकच असायचा: ती कुठून आत जाणार आणि कुठून बाहेर येणार? लिहून पाठवलेल्या मापांवर तिचा भरवसा नव्हता. जमेल तिथे ती स्वतः जाऊन बघायची, न जमेल तिथे समोरच्या माणसाला फोनवर खुर्चीखालून सरपटायला लावायची. उलटी मात्र अजूनही व्हायची. डॉक्टर आता दुसऱ्या बाजूला बसायला शिकल्या होत्या.

जिन्याखालची खोली पुरेना, म्हणून तिने रस्त्यापलीकडचं बंद पडलेलं दुकान भाड्याने घेतलं. कारखान्यातल्या जुन्या दोघी शोधून काढल्या. एक होती बटणांची काजं करणारी काजवाली, जी आता नातवंडं सांभाळून कंटाळली होती. दुसरीला सगळे ठेंगणी म्हणायचे. ती मशीनवर बसली की पाय पुरत नसत, पण टाका असा सरळ घालायची की बघत राहावं. दुकान उघडलं त्या सकाळी तिघी समोरासमोर उभ्या राहिल्या, जरा जाड झालेल्या, जरा पांढऱ्या झालेल्या.

"मशीन कुणाचं कुठलं ते आधी ठरवा," दारातल्या खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "आणि खिडकीजवळ मी बसणार."

"तुम्हाला कुठे शिवायचंय, आजी?" काजवालीने विचारलं.

"उजेड नको का मला, तुमच्या चुका बघायला?"

ठेंगणीने पायाखाली पाट घेतला. चेनवालीने मधल्या टेबलावर कोऱ्या जाळीचा गठ्ठा सोडला, सबंध अंथरला, हाताने सुरकुत्या काढल्या आणि खडू उचलला.

"धर गं ते टोक," ती काजवालीला म्हणाली. "ओढू नकोस, नुसतं धर. ही जाळी ओढली की खोटं माप दाखवते."

काजवालीने टोक धरलं. दुसऱ्या बाजूने ठेंगणी आली. चेनवालीने वाकून पहिली रेघ ओढली.